गृहस्थाचे शस्त्र आणि गृहस्थाचे अभय

पूर्वीचे मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचे पत्र काही दिवसांपूर्वी हाती आले. सतराव्या शतकात तंजावरास भोसल्यांचे राज्य झाले, त्या वेळी जी घराणी कावेरीकाठी गेली आणि पुढे मद्रासेत स्थिरावली, त्यांपैकी त्यांचे घराणे होय. घरात अजून मराठी बोलतात. देवघरात गीतेची पोथी असून तिचे नित्य वाचन होते. निवृत्तीनंतर मैलापूरचे दाटीवाटीचे घर सोडून त्यांनी शहराच्या दक्षिणेस समुद्रकाठच्या रस्त्यावर लहानसा बंगला बांधला. तेथे वस्ती विरळ आहे. गेल्या पावसाळ्यात, दोन घरे पलीकडे, रात्री चोर शिरले आणि वृद्ध पतिपत्नींना बांधून ठेवून त्यांनी दागिने लुटून नेले. तेव्हापासून या गृहस्थांच्या पत्नीस सुखाची झोप नाही.

त्यांचा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीस आहे. आपण स्वतः उशाजवळ आखूड नळीचे एक हत्यार ठेवतो, असे त्याने वडिलांस कळविले. ते नावाने पिस्तुल आहे, परंतु त्यात काडतूस रायफलीचे चालते. वडिलांनीही असे काहीतरी घरात बाळगावे, असा त्याचा आग्रह आहे. त्यावरून या गृहस्थांनी दोन प्रश्न विचारले आहेत. घराच्या रक्षणासाठी शस्त्र घ्यावयाचे झाल्यास कोणते निवडावे? आणि सकाळी गीता वाचणाऱ्याने रात्री उशाशी शस्त्र ठेवून निजणे धर्माला धरून आहे काय?

पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. एके रात्री स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला. ते काठी घेऊन धावले, हात उगारला, आणि पाहतात तो सुटीत आलेला नातू अंधारात पाणी पीत उभा! अशा काठीने आमचे कसले रक्षण होणार, एवढेच सुचविण्यासाठी त्यांनी हे लिहिले आहे. आम्हांस मात्र सबंध पत्रात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. तिचा विचार पुढे येईल.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या गृहस्थांचे भय काल्पनिक नाही. १९९५ पासून सुमारे दहा वर्षे तामिळनाडूतील हमरस्त्यांलगतच्या एकाकी घरांवर उत्तरेकडून मालमोटारींतून येणाऱ्या एका टोळीने दरोडे घातले. निजलेल्या माणसांवर लोखंडी कांबींचे घाव घालून, प्रसंगी गोळ्या झाडून, ती घरे लुटीत असे. जानेवारी २००५ मध्ये चेन्नईजवळील गुम्मिडीपूंडी मतदारसंघाचे विधानसभा सदस्य के. सुदर्शनम् यांचा त्यांच्या राहत्या घरी याच टोळीने बळी घेतला. अशा गोष्टी ऐकलेल्या वृद्ध स्त्रीला, सर्व काही ईश्वराधीन आहे, तू स्वस्थ नीज, असे सांगणे सोपे आहे. पण तो धर्मोपदेश नव्हे. ज्याच्या आश्रयाने पत्नी, मुले, वृद्ध आणि अतिथी राहतात, त्या गृहस्थावर त्यांच्या रक्षणाचा भार आहे. संन्याशाने आपल्या देहाविषयी उदासीन राहावे, हे त्यास शोभते. गृहस्थाने आश्रितांच्या देहाविषयी उदासीन राहणे हा कर्तव्याचा त्याग होय. अहिंसेचे नाव घेऊन भ्याडपणा लपविता येत नाही.

आपल्या शास्त्रांनीही हा प्रश्न टाळलेला नाही. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीचे हरण करणारा, अशा सहा जणांस आततायी म्हटले आहे, आणि चालून आलेल्या आततायीस मारणाऱ्याला स्मृतिकारांनी दोष दिलेला नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त, कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात, अहिंसाधर्माला अपवाद कोणते याची चर्चा करताना याच विषयाचा ऊहापोह केला आहे. आपल्या देशाचा आजचा कायदाही तेच मानतो. १८६० च्या दंडसंहितेत असलेला आत्मरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३४ पासून ४४ पर्यंत कायम ठेविला आहे. रात्रीची घरफोडी, दरोडा किंवा मृत्यूचे वाजवी भय उत्पन्न करणारा प्रवेश झाला असता, वेळ आल्यास हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क जातो. परंतु त्याला मर्यादा आहेत. रक्षणास जेवढी इजा अवश्य तेवढीच करावी, सरकारी मदत मागण्यास अवसर असेल तर ती मागावी, आणि संकट टळताच हात आवरावा. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणे हे रक्षण नव्हे, तो सूड होय.

तेव्हा घरावर चालून आलेल्यास रोखता येते किंवा नाही, हा खरा प्रश्न नाही. ते येते. प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे, आणि गीतेचा पहिलाच अध्याय तो आपल्यापुढे ठेवतो. समोरचे लोक आततायी आहेत हे अर्जुन जाणतो. तो शब्द त्याच्याच तोंडी आहे. तरीही यांना मारून आपणांस पापच लागेल, असे तो म्हणतो. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, भगवंतांनी त्याला उत्तर देताना आततायीवधाचे स्मृतिवचन पुढे केले नाही. ते वचन उच्चारले असते तर वाद तेथेच मिटला असता! त्याऐवजी ते अर्जुनाच्या शोकाकडे व मोहाकडे वळले. त्यांनी त्याला परवाना दिला नाही. त्याची बुद्धी निर्मळ केली. मोहग्रस्त मनुष्याच्या हाती योग्य नियमसुद्धा अयोग्य ठरतो, आणि ज्याचा मोह गेला त्याला नियम कोठे लागू होतो हे दिसते. शस्त्र निवडू इच्छिणाऱ्या गृहस्थालाही हाच क्रम लागू आहे. शस्त्राची परीक्षा करावी, परंतु ते धरणाऱ्याची परीक्षा त्याहून कसून करावी.

तरीपण शस्त्राविषयीही थोडे स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण अज्ञान हा मोहाचाच एक प्रकार आहे. अमेरिकेत १९३४ साली अग्निशस्त्रांसंबंधी एक कायदा झाला. त्यानुसार सोळा इंचांहून आखूड नळीच्या रायफलीवर तेथे विशेष निर्बंध आहेत. साधे पिस्तुल मात्र त्या निर्बंधांतून सुटले. म्हणून खांद्याला लावावयाचा दस्ता काढून, नळी आखूड ठेवून, रायफलीचेच काडतूस उडविणारी हत्यारे तेथे पिस्तुल या नावाने विकली जातात. आपल्याकडील स्थिती निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून एका मनुष्यास दोनांहून अधिक बंदुका सामान्यतः ठेविता येत नाहीत. सैन्यात वापरली जाणारी रायफलीची काडतुसे निषिद्ध वर्गात मोडतात. सामान्य नागरिकास मिळते ते बहुधा बत्तीस बोअरचे पिस्तुल वा रिव्हॉल्व्हर, किंवा बारा बोअरची बंदूक. याच कायद्याच्या सहाव्या कलमाने परवान्यावाचून बंदुकीची नळी आखूड करण्यास मनाई केली आहे. आणि तेराव्या कलमात, रक्षणासाठी मागितलेल्या, निदान वीस इंच नळीच्या साध्या बंदुकीकडे सौम्य दृष्टीने पाहिले आहे. त्याहून आखूड हत्यार हवे असेल, तर मागणाराला सबळ कारण दाखवावे लागते. यातील मर्म सहज ध्यानात येण्याजोगे आहे. लांब बंदूक लपत नाही. धरणारा कोण व कशासाठी उभा आहे, हे ती दुरून सांगते. आखूड हत्यार वस्त्राखाली लपते, आणि त्याबरोबर हेतूही लपतो.

म्हणजे मुलाने सुचविलेले शस्त्र वडिलांस येथे मिळणारच नाही, आणि एका परीने प्रश्न मिटला. परंतु ते मिळत असते तरी वृद्ध मनुष्याच्या शयनगृहात त्याचे काय काम होते, हे पाहणे बोधप्रद आहे. रायफलीचे काडतूस मोकळ्या मैदानातील दूरचे लक्ष्य वेधण्यासाठी योजिलेले असते. त्यातील दारू लांब नळीत जळावी असा हिशेब असतो. नळी आखूड झाली म्हणजे दारूचा बराच भाग नळीच्या तोंडाबाहेर पेटतो. मोठा जाळ होतो, अंधाराला सरावलेले डोळे दिपतात, आणि बंद खोलीत त्याचा आवाज असह्य होतो. १४० डेसिबलच्या वरचा क्षणभराचा आवाजही कानास कायमची इजा करू शकतो. हा आवाज त्याच्याही पलीकडचा. शिवाय ती गोळी दार, खिडकी किंवा पातळ भिंत भेदून पलीकडच्या खोलीत जाऊ शकते. पलीकडच्या खोलीत कोण असते? ज्यांच्या रक्षणासाठी शस्त्र आणले, तीच माणसे! साध्या पिस्तुलाचे दोष प्रमाणाने कमी, पण जातीने तेच आहेत.

आता धरणाराकडे वळू. चोर आयुष्यात कदाचित एकदा येतो, पुष्कळांच्या घरी कधीच येत नाही. परंतु क्रोध, संशय, विस्मृती आणि अपघात यांना घरात शिरण्यास दार फोडावे लागत नाही. १२ जानेवारी १९६७ रोजी मद्रासेतील रामावरम् येथील आपल्या बंगल्यात प्रख्यात नट एम. जी. रामचंद्रन पाहुण्यांशी बोलत बसले होते. भेटीस आलेले नट एम. आर. राधा हे अनेक चित्रपटांत त्यांच्याबरोबर काम केलेले. बोलता बोलता राधा यांनी रिव्हॉल्व्हर झाडले. गोळी रामचंद्रन यांच्या कानाजवळून मानेत शिरली. मागाहून राधा यांनी स्वतःवरही गोळी झाडून घेतली. दोघेही वाचले, परंतु पुढे मुख्यमंत्री झालेल्या रामचंद्रन यांची वाणी पूर्वीसारखी कधीच झाली नाही. मुंबईत २२ एप्रिल २००६ रोजी सकाळी वरळीच्या आपल्या घरी प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या, आणि ३ मे रोजी त्यांचा अंत झाला. ते पिस्तुल परवान्याचे होते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी नट गोविंदा यांच्या जुहू येथील घरी, त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरातून अकस्मात सुटलेली गोळी त्यांच्या पायात घुसली. कोणाची निंदा करण्याच्या हेतूने ही उदाहरणे दिलेली नाहीत. यांपैकी एकाही घरात त्या वेळी चोर नव्हता, एवढेच दाखवावयाचे आहे.

दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी नाशाची जी साखळी दाखविली आहे, ती येथे आठवावी. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतीचा भ्रंश, बुद्धीचा नाश आणि शेवटी सर्वनाश. साधा मनुष्य ही साखळी रोज दोन-चार कड्यांपर्यंत चढतो आणि खाली उतरतो. क्रोध आला, शब्द तोंडातून गेला, थोड्या वेळाने पश्चात्ताप झाला, क्षमा मागितली. क्रोध आणि सर्वनाश यांच्यामधल्या कड्यांना वेळ लागतो, आणि त्या वेळातच ईश्वराची कृपा काम करिते. भरलेले शस्त्र हाताशी असले, म्हणजे मधला वेळ उरत नाही. क्रोधाच्या कडीवरून मनुष्य एका क्षणात शेवटच्या कडीवर जातो. भयाचेही तसेच. या गृहस्थांनी अंधारात काठी उगारली, आणि काठी खाली येण्याच्या आत डोळ्यांनी नातू ओळखला. काठीने त्यांना तो अर्धा क्षण दिला. तिच्या जागी उशाशी भरलेले पिस्तुल असते तर? ज्या काठीस ते निरुपयोगी म्हणतात, तिने त्या रात्री त्यांच्या कुळाचे रक्षण केले, असेच आम्ही म्हणतो.

महाभारताच्या सौप्तिक पर्वात रात्रीच्या हल्ल्याचीच भयंकर कथा आहे. अश्वत्थामा रात्री शिबिरात शिरला आणि निजलेले पांडवपुत्र त्याने मारिले. त्याहून मोठा आततायी कोण? पुढे तो सापडला तेव्हा त्याने ब्रह्मशिर अस्त्र सोडले, आणि त्याच्या निवारणासाठी अर्जुनानेही तेच सोडले. दोन तेजे एकमेकांवर आदळून सृष्टी जळेल, असे पाहून नारद व व्यास मध्ये उभे राहिले आणि त्यांनी दोघांसही अस्त्र परत घेण्यास सांगितले. अर्जुनाने ते परत घेतले. अश्वत्थाम्याला ते घेता आले नाही. विद्या दोघांजवळ होती. परंतु परत घेण्याचे सामर्थ्य ज्याने व्रत पाळून मन जिंकिले होते, त्याच्याजवळच होते. या परत घेण्यालाच आपल्या शास्त्रांत उपसंहार म्हणतात. अस्त्र सोडण्याची विद्या शिकणाऱ्याने उपसंहारही शिकला पाहिजे, असा जुन्या धनुर्विद्येचा दंडक होता.

आजच्या बंदुकीला उपसंहार नाही. सुटलेली गोळी अर्जुनालाही परत बोलाविता येणार नाही! म्हणून तिचा उपसंहार चाप ओढण्यापूर्वीच, मनात, करावा लागतो. अंधारात, झोपेतून उठून, छाती धडधडत असताना, समोर कोण आहे हे ठरवून मग हात आवरणे, एवढे ज्याला साधेल त्याच्याच हाती हे शस्त्र शोभेल. असे सामर्थ्य शिक्षणाने व सततच्या अभ्यासाने येते. दुकानातून येत नाही. कायद्यानेही हे ओळखले आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षित पद्धतीचे शिक्षण सांगितले आहे. परंतु हात शिकविणे सोपे आहे, भय शिकविणे कठीण.

याच कथेचा पुढचा भाग श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधात आहे. अर्जुनाने अश्वत्थाम्यास बांधून द्रौपदीपुढे आणिले. निजलेली पाच मुले गमावलेली ती माता! तिने त्यास सोडण्यास सांगितले. मी जशी रडते, तशी याच्या मातेने रडू नये, हा तिचा भाव होता. भीमाने वधाचा आग्रह धरिला. ब्राह्मणाला मारू नये आणि आततायीस मारावे, या दोन्ही आज्ञा भगवंतांनी अर्जुनापुढे एकाच वेळी ठेविल्या. अर्जुनाने त्याच्या मस्तकीचा मणी काढून घेऊन त्यास घालवून दिले. त्याने दंड केला, तेज हरण केले, पण प्राण घेतला नाही. आततायीविषयी स्मृतीने दिलेली मोकळीक हातात असताना तिचा वापर न करणे, हेही धर्मज्ञाचे लक्षण असू शकते, हे यावरून दिसते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. उशाशी शस्त्र ठेवून अभय मिळेल काय? सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगितले आहेत. त्यांत पहिला अभय आणि शेवटचा नातिमानिता, म्हणजे गर्वाचा अभाव. अहिंसा या दोहोंच्या मधे आहे. शस्त्राने आलेले अभय बहुधा गर्व घेऊन येते, म्हणून ते या यादीतील अभय नव्हे. ते शस्त्राबरोबर येते आणि शस्त्राबरोबर जाते. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलिसांकडे जमा करण्याचा प्रघात आहे. मग तेवढे दिवस गृहस्थाने भयभीत राहावे काय? आणि शस्त्र घरात असता, ते चोराच्याच हाती पडेल काय, मुलांना सापडेल काय, कुलूप लावले की नाही, अशी नवी भये उत्पन्न होतात. त्याच अध्यायात आसुरी मनुष्याचे मनोगतही सांगितले आहे. आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, असे धनाचे चिंतन करणारा तोच मनुष्य लगेच, हा शत्रू मारिला, दुसरेही मारीन, असे म्हणू लागतो. धनाचा विचार आणि शत्रूचा विचार शेजारी शेजारी राहतात. म्हणून शस्त्र घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे की, मी माणसांचे रक्षण करू पाहतो की कपाटातील सोन्याचे?

सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहार, यज्ञ, तप व दान यांचे तीन भेद केले आहेत. त्या दृष्टीने शस्त्र बाळगणारांचेही तीन भेद करता येतील. ज्याच्यावर खरोखर रक्षणाचा भार आहे, ज्याने शिक्षण घेतले आहे, ज्याचे शस्त्र कुलपात आहे, आणि ते कधीही वापरावे लागू नये अशी ज्याची नित्य प्रार्थना आहे, तो सात्त्विक. प्रतिष्ठेसाठी बाळगणारा, पाहुण्यांस दाखविणारा, वरातीत बार काढणारा, तो राजस. २०१९ च्या दुरुस्तीने असे आनंदाचे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा ठरविला आहे. भयाने घेणारा, न शिकता घेणारा, भरून उशीखाली ठेवणारा, मद्य पिऊन हाताळणारा, तो तामस. एकाच दुकानातील एकच शस्त्र तिघांच्या हाती तीन प्रकारचे होते. गावापासून दूर एकाकी वस्तीवर राहणारा शेतकरी, किंवा ज्याच्या जिवावर कोणी उठल्याचे पोलिसांसही ठाऊक आहे असा मनुष्य, यांनी शस्त्र घेतले तर त्यांस कोणी दोष देऊ नये. परंतु ज्याला रात्री नीट दिसत नाही, ज्याचा हात कापतो, ज्याचा क्रोध लवकर चढतो, ज्याच्या घरी मुले आहेत, अथवा ज्याच्या घरी कोणी मनाने खचलेले आहे, त्याने ते घेऊ नये, असेच आमचे निश्चित मत आहे.

चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागात श्रीपार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे. पल्लवांच्या काळापासूनचे हे क्षेत्र आळवारांनी गाइलेले असून वैष्णवांच्या १०८ दिव्य देशांत त्याची गणना होते. गर्भगृहातील भगवंतांस मिशा आहेत, आणि ते एकटे नाहीत. रुक्मिणी, बंधू बलराम, सात्यकी, पुत्र प्रद्युम्न आणि नातू अनिरुद्ध यांसह ते उभे आहेत. कुटुंबवत्सल गृहस्थाचेच हे रूप! परंतु त्यांच्या हाती सुदर्शन चक्र नाही. केवळ शंख आहे. भारतीय युद्धात शस्त्र न धरण्याचे वचन दिले, ते रूप हे. उत्सवमूर्तीच्या मुखावर भीष्मांच्या बाणांचे व्रण दाखवितात. ज्यांच्याजवळ सुदर्शन होते त्यांनी ते बाजूस ठेविले, बाणांसमोर उभे राहिले, घाव सोसले, आणि रथ सोडून पळाले नाहीत. पत्र लिहिणारे गृहस्थ या मंदिरात लहानपणापासून जात असतील. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या मूर्तीच्या हातात आहे. शंख सर्वांस जागे करितो. रक्षणाचे पहिले साधन मारणे हे नसून जागे होणे व जागे करणे हे आहे.

तेव्हा या गृहस्थांस, आणि त्यांच्यासारख्या सर्व वाचकांस, आमचे सांगणे पुढीलप्रमाणे आहे.

१. प्रथम घर बळकट करावे. दारास आतून भक्कम अडसर, खिडक्यांस गज, अंगणात रात्रभर दिवा, आणि शयनगृहाच्या दारास स्वतंत्र कडी असावी. चोर बाहेर असतानाच जाग येईल अशी व्यवस्था शस्त्राहून श्रेष्ठ आहे. पाळलेला कुत्रा हा गरिबाचा व श्रीमंताचा सारखाच पहारेकरी होय.

२. शेजाऱ्यांशी बोलावे. रात्री एका घरातून हाक गेली तर दहा घरांत दिवे लागावेत, असा संकेत ठरवावा. २०१७ पासून चेन्नई पोलिसांनी नागरिकांच्या साहाय्याने रस्तोरस्ती कॅमेरे बसविण्याची मोहीम चालविली. तिचे मर्म हेच की, एका घराचा पहारा सर्व गल्लीने करावा. दरोडेखोरांची ती जुनी टोळीही कोणा गृहस्थाच्या गोळीने नव्हे, तर बोटांच्या ठशांचा चिकाटीने माग काढणाऱ्या पोलीस पथकामुळे सापडली.

३. ११२ हा साहाय्याचा क्रमांक घरातील लहानथोर सर्वांस पाठ असावा, आणि संकटात शयनगृहाचे दार लावून घेऊन प्रथम तो फिरवावा.

४. सोने-नाणे घरात साठवू नये. आणि चोर समोर आलाच, तर धन देऊन माणसे वाचवावीत. धन माणसांसाठी आहे, माणसे धनासाठी नव्हेत.

५. इतके करूनही शस्त्र घेणे अवश्य वाटले, तर परवाना व शिक्षण यांवाचून घेऊ नये. ते रिकामे, कुलपात, काडतुसांपासून वेगळे ठेवावे. घरात कलह चालू असता त्या कुलपाची किल्ली आपल्या हाती ठेवू नये.

६. अंधारात जो कोणी उभा दिसेल त्यास प्रथम हाक मारावी. तो आपला आहे असे समजून मारावी. चोर असला तर तो पळेल. नातू असला तर उत्तर देईल.

नवमीच्या दिवशी मद्रासकडे आयुधपूजा होते, आपल्याकडे तीच खंडेनवमी. त्या दिवशी चेन्नईत सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, चालकाची मोटार, इतकेच नव्हे तर विद्यार्थ्यांची पुस्तकेही गंधपुष्पांनी पूजिली जातात, आणि पूजेनंतर त्यांस कोणी हात लावीत नाही. विजयादशमीस ती पुन्हा हाती घेतात. साधन देवापुढे खाली ठेवावयाचे, मग त्याच्या आज्ञेने उचलावयाचे, हा त्या पूजेचा अर्थ आम्हांस वाटतो. ज्याला शस्त्र खाली ठेवता येते, त्यालाच ते उचलण्याचा अधिकार येतो.

या गृहस्थांनी सकाळी गीता वाचावी तशीच निजण्यापूर्वीही एक ओवी-श्लोक वाचावा, पत्नीस जवळ बसवावे, दारे दोघांनी मिळून लावावीत, आणि ती काठी कोपऱ्यात खुशाल असू द्यावी. टेक्सासातील मुलालाही हे पत्राने कळवावे. त्याच्याही घरी उद्या मुले अंधारात पाणी पिण्यास उठतील. ज्याने आपले कर्तव्य सावधपणे केले आणि उरलेला भार ईश्वरावर टाकिला, त्यास झोप येते. सर्व गृहस्थांस ती सुखाची झोप व ते खरे अभय श्रीपार्थसारथीच्या कृपेने लाभो.